दावा रिसीव्हरने सोडला, खर्च कोणी सोसायचा?

आपल्यावर दावा ठोकणारा माणूसच दिवाळखोर ठरला, हे ऐकून प्रतिवादी खूश होतात. फोनवरच विचारतात, "म्हणजे सुटलो ना, वकीलसाहेब?" माझी वकिली जिल्हा न्यायालयातली, तीही बहुतेक व्यापारी प्रतिवादींच्या बाजूची. त्यामुळे हा प्रश्न मी पुष्कळ वेळा ऐकला आहे, आणि त्याचं उत्तर दर वेळी "अजून नाही" असंच दिलं आहे. पुढचे मुद्दे त्या अनुभवातले. त्यातले बरेचसे सांगलीकडच्या एका प्रकरणाच्या आधाराने सांगतो, कारण एकाच दाव्यात इतक्या गोष्टी क्वचित भेटतात.

प्रकरण असं. वादी हळदीचे अडते, प्रतिवादी गोदाममालक. 2005 च्या महापुराने हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांची दैना झाली आणि बरीचशी हळद गोदामांकडे वळली. त्या वळलेल्या धंद्यातले हे गोदाम. पावसात भिंतीतून ओल आली, पोती भिजली, हळद काळी पडली, म्हणून अडत्यांनी भरपाईचा दावा लावला आणि निकालाआधीच गोदामावर जप्तीचा हुकूमही मिळवला. कैफियत दाखल झाली, मुद्दे निघाले, वादीची उलटतपासणी अर्ध्यावर आली. तेवढ्यात दुसऱ्याच एका सावकाराच्या अर्जावरून जिल्हा न्यायालयाने वादीला दिवाळखोर ठरवलं.

1. वादी दिवाळखोर झाला म्हणून दावा मरत नाही. त्याचा मालक बदलतो

मुंबई शहरापुरता 1909 चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट आणि उरलेल्या महाराष्ट्रात 1920 चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट, अशी ही जुनी वाटणी आजही चालू आहे. 2016 चा नवा दिवाळखोरी कायदा आला खरा, पण त्यातला व्यक्तींबद्दलचा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक जामीन राहिलेल्यांपुरता. साध्या व्यापाऱ्याला अजून शंभर वर्षांपूर्वीचाच कायदा. त्याच्या कलम 10 प्रमाणे 500 रुपयांचं देणं असलं की दिवाळखोरीचा अर्ज करता येतो. या आकड्यावरून बाररूममध्ये पुष्कळ विनोद होतात, पण आकडा कोणी बदलत नाही.

दिवाळखोर ठरवण्याचा हुकूम झाला की कलम 28 प्रमाणे त्या माणसाची मालमत्ता कोर्टाकडे किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरकडे जाते. मुंबईत हेच काम हायकोर्टाचा ऑफिशियल असाइनी करतो. कोणाविरुद्ध चालू असलेला पैशांचा दावा हीसुद्धा मालमत्ताच. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहितेची ऑर्डर 22, रूल 8 सांगते की जो दावा रिसीव्हर सावकारांच्या हितासाठी चालवू शकतो, तो वादीच्या दिवाळखोरीने आपोआप पडत नाही. रिसीव्हरने चालवायला नकार दिला, किंवा कोर्टाने सांगितलेल्या मुदतीत खर्चाची हमी दिली नाही, तरच पडतो. बदनामी, मारहाण, अंगाला झालेली इजा अशा निव्वळ वैयक्तिक तक्रारींची गोष्ट निराळी. तिथे रिसीव्हरचा संबंध येत नाही.

2. अर्ज दाखल होणं वेगळं आणि हुकूम होणं वेगळं

वादीविरुद्ध दिवाळखोरीचा नुसता अर्ज दाखल झाला असेल तर रूल 8 लागत नाही. या मधल्या काळात ऑर्डर 25 हाताशी असते. तिच्याखाली कोर्ट कारणं नोंदवून वादीकडून खर्चाची हमी मागू शकतं. मात्र वादी गरीब आहे, एवढं कारण चालत नाही. न्यायाचं दार पैसेवाल्यांनाच उघडं असं होऊ नये, म्हणून कोर्टं इथे जपून असतात, आणि ते बरोबरच आहे. पण वादी दावा चालू ठेवून इकडे जमिनी मेहुण्याच्या नावावर करतो आहे, हे फेरफार उताऱ्यांसह दाखवलं तर न्यायाधीश कान देतात. हुकूम झाल्यावर ऑर्डर 25 खालच्या अर्जाला फारसा अर्थ उरत नाही.

3. रिसीव्हरचा नकार परवडतो, मौन परवडत नाही

आमच्या प्रकरणात रिसीव्हर नेमला गेल्याचं आम्हाला कळलं ते वादीच्या वकिलांच्या पुरसीसवरून: "अशील दिवाळखोर ठरले असल्याने आम्हास सूचना नाहीत." पुढे तारखांमागून तारखा. रोजनाम्यात तेच वाक्य, वादी गैरहजर, रिसीव्हर गैरहजर, पुढील तारीख. प्रत्येक तारखेला गोदाममालक मिरजेहून यायचे, मी उभा राहायचो, साक्षीला आलेला सर्व्हेअर परत जायचा, त्याचा भत्ता आमच्या खिशातून. गोदामावरची जप्ती तशीच. दावा कोणीच चालवत नव्हतं आणि खर्च आमचा चालूच होता.

अशा वेळी पुष्कळ वकील दावा हजेरीअभावी काढून टाकण्याची वाट बघतात. मला ते पटत नाही. तसा निघालेला दावा कोणीही "पुरेसं कारण" दाखवून परत उभा करू शकतो, आणि खर्चाचं कोणी विचारतही नाही. त्यापेक्षा सरळ अर्ज द्यावा: रिसीव्हरला नोटीस काढा, दावा चालवणार की नाही हे अमुक तारखेपर्यंत सांगायला लावा, चालवणार असेल तर आजवरच्या आणि पुढच्या खर्चाची हमी द्यायला सांगा, आणि मुदत हुकमातच लिहा. रूल 8 मध्ये मुदत दिलेली नाही. "कोर्ट सांगेल त्या मुदतीत" एवढंच आहे. म्हणून ती मागून घ्यावी लागते. नोटीस लागल्याचा बेलिफाचा रिपोर्ट आणि रजिस्टर पोस्टाची पोच, दोन्ही निशाणीवर लावून ठेवावी. नंतर "मला माहीतच नव्हतं" ही सबब फार लवकर येते.

ऑस्ट्रेलियाच्या 1966 च्या दिवाळखोरी कायद्याचं कलम 60 वाचलं तेव्हा मला त्या देशातल्या प्रतिवादींचा हेवा वाटला. तिथे वादी दिवाळखोर झाला की दावा थांबतो, आणि प्रतिवादीने ट्रस्टीला नोटीस दिल्यावर 28 दिवसांत ट्रस्टीने लेखी निवड केली नाही, तर त्याने दावा सोडला असं कायदाच समजतो. मौनाचा अर्थ ठरलेला. आपल्याकडे तो अर्थ प्रत्येक प्रकरणात अर्ज करून कोर्टाकडून वदवून घ्यावा लागतो.

4. रिसीव्हर दावा का सोडतो, हे त्याच्या बाजूनेही बघावं

माझ्या अशिलांना रिसीव्हर म्हणजे शत्रू वाटतो. तसं नसतं. त्याच्या हातात बहुतेक वेळा एक मोडकी मोटार, गहाण पडलेलं घर आणि वसूल न होणाऱ्या उधारीच्या वह्या असतात. कलम 59 प्रमाणे दावा चालवायलाही त्याला कोर्टाची परवानगी लागते. वकिलाची फी, साक्षीदारांचा खर्च आणि वर हमी, हे सगळं त्याने कुठून आणायचं? सावकारांना विचारलं तर तेही हात वर करतात. बुडालेल्या पैशांमागे आणखी पैसे घालायला कोण तयार होणार?

हमी मागितल्यावर हाच हिशेब उघडा पडतो. रोख भरणा किंवा बँक गॅरंटी नसेल तर ऐपतदार जामीन लागतो आणि त्याचा तहसीलदाराकडचा ऐपतीचा दाखला. आमच्या रिसीव्हरने सावकारांकडे पत्रं पाठवली, एकानेही जामीन द्यायची तयारी दाखवली नाही, आणि मग त्याने लिहून दिलं की दावा पुढे चालवण्यात मालमत्तेचं हित दिसत नाही. माझ्या मते त्याचा निर्णय योग्यच होता. ओल कुठून आली याचा वादीकडचा पुरावा लंगडा होता. फक्त हे त्याने आधी सांगायला हवं होतं.

5. दिवाळखोर स्वतः येऊन उभा राहिला तर

रिसीव्हरने नकार दिल्यावर कोर्टाच्या व्हरांड्यात वादी भेटले. खांद्यावर उपरणं, हातात दाव्याच्या फायलीची झेरॉक्स. मला म्हणाले, "रिसीव्हर नसला म्हणून काय झालं, वकीलसाहेब? हळद माझी भिजली. मी चालवतो दावा." माणूस खोटं बोलत नव्हता. पण त्या दाव्यावरचा हक्क हुकमाच्या दिवशीच त्यांच्या हातून गेला होता. जो चालवू शकतो तो नकार देतो, आणि ज्याला चालवायचा आहे त्याला अधिकार नाही. दिवाळखोरीचा हुकूमच रद्द झाला तर गोष्ट वेगळी. कोर्टाने त्यांचं म्हणणं शांतपणे ऐकलं आणि रोजनाम्यात नोंद घेतली, बस्स.

अशा वादीशी तोऱ्यात बोलू नये, असं मी ज्युनियरांना सांगतो. उद्या हुकूम रद्द झाला तर पुन्हा समोर तेच असतात.

6. नुसत्या पुरसीसवर समाधान मानू नका

रिसीव्हरच्या वकिलांनी सुरुवातीला एका ओळीची पुरसीस आणली: "दावा चालवणे नाही, सबब काढून टाकावा." न्यायाधीशांनी पेन उचललं होतं. मी विनंती केली की आमचा रूल 8(2) खालचा अर्ज आधी घ्यावा.

कागदावर हा फरक बारीक दिसतो, पुढे तो मोठा होतो. ऑर्डर 23 प्रमाणे दावा काढून घेणाऱ्याला कोर्ट नव्याने दावा लावायची मुभा देऊ शकतं. मुभेशिवाय सोडला तर त्याला पुन्हा दावा लावता येत नाही आणि कोर्ट ठरवेल तो खर्च द्यावा लागतो. पण तो कोणी आणि कोणत्या पैशांतून द्यायचा, यावर नंतर भांडण लागतं. रिसीव्हर म्हणतो मी पक्षकारच झालो नव्हतो. वादी म्हणतो माझ्याकडे आता काहीच नाही. रूल 8(2) हे भांडण मिटवतो. कोर्टाने दिलेल्या मुदतीत रिसीव्हरने दावा चालवण्यात आणि हमी देण्यात कसूर केली तर प्रतिवादीच्या अर्जावरून दावा काढून टाकता येतो, आणि बचावाला झालेला खर्च वादीच्या मालमत्तेविरुद्ध देणं म्हणून शाबीत करावा, असा हुकूम करता येतो.

म्हणजे उत्तर स्पष्ट आहे. नकार देणाऱ्या रिसीव्हरच्या खिशाला हात लागत नाही. दिवाळखोराच्या आताच्या कमाईलाही थेट नाही. खर्च दिवाळखोराच्या मालमत्तेवर बसतो आणि प्रतिवादी बाकीच्या सावकारांबरोबर रांगेत उभा राहतो. रिसीव्हरने दावा हाती घेतला आणि हरला, तर मात्र कलम 35 खाली कोर्टाला पूर्ण मोकळीक आहे: खर्च कोणी द्यायचा, कोणत्या मालमत्तेतून, किती. म्हणून रिसीव्हर पक्षकार झाला की मी पहिल्याच तारखेला हमीचा आग्रह धरतो.

7. "खर्चासह" या शब्दावर भाळू नये

हुकूमनाम्याच्या शेवटी खर्चाचा तक्ता असतो. डावीकडे वादी, उजवीकडे प्रतिवादी. वकीलपत्रावरचा स्टॅम्प, अर्जांवरचे स्टॅम्प, समन्सचा खर्च, साक्षीदारांचा भत्ता, नियमाप्रमाणे वकील फी. गोदाममालकांनी तो तक्ता चष्मा वर सारून दोनदा वाचला आणि विचारलं, "माझ्या सर्व्हेअरची फी कुठं आहे यात?" नव्हती. ओल मोजायला आणलेला तज्ज्ञ, मिरज-सांगली फेऱ्या, मला दिलेली खरी फी, यातलं फार थोडं तक्त्यात उतरतं. ऑर्डर 20-अ मध्ये टायपिंग, नोटीस, रेकॉर्ड तपासणी अशा बाबी मागता येतात, पण त्यासाठी पावत्या लागतात आणि पावत्या कोणी जपलेल्या नसतात. आता मी अशिलाला वकीलपत्र सही करतानाच एक पाकीट देतो: दाव्यासाठी रुपया खर्च झाला की पावती यात.

खोट्या दाव्याबद्दल कलम 35-अ खाली मिळणारी भरपाई 3,000 रुपयांच्या वर जात नाही. दिल्लीच्या एका प्रकरणात हायकोर्टाने 45 लाखांवर खर्च बसवला होता. 2011 साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियमांत बसत नाही म्हणून खाली आणला, आणि त्याच वेळी खर्चाचे नियम वास्तवाला धरून नाहीत, ते बदला, असंही सुनावलं. 2015 च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्याने त्या दाव्यांपुरतं कलम 35 नव्याने लिहिलं आणि हरणाऱ्याने खर्च द्यायचा हा साधारण नियम स्पष्ट केला. बाकी दाव्यांत जुनंच.

8. हुकूम मिळाला म्हणजे पैसे मिळाले नाहीत

खर्चाच्या हुकमाची नक्कल कपाटात ठेवून काही होत नाही. ती घेऊन दिवाळखोरीच्या कोर्टात जायचं, प्रतिज्ञापत्रावर देणं शाबीत करायचं, सावकारांच्या यादीत नाव लावून घ्यायचं. दिवाळखोराची मुक्तता होण्याआधी केव्हाही हे करता येतं, पण वाटप झाल्यावर जाणाऱ्याला उरलंसुरलंच मिळतं. गहाणवाला सावकार आपल्या तारणावर बाजूला बसलेला असतो. त्यानंतर सरकारी देणी आणि नोकरांचे पगार. (1920 च्या मूळ मजकुरात नोकराच्या चार महिन्यांच्या पगाराला अग्रक्रम होता तो एकूण 20 रुपयांपर्यंत!) उरलेलं बाकी सगळ्यांना सारख्या प्रमाणात. रुपयाला काही पैसे हाती येतात. अर्ज करायचा खर्च त्याहून जास्त होणार असेल, तर मी स्पष्ट सांगतो, अण्णा, सोडून द्या.

9. वादीकडून तुमचं काही येणं आहे का, ते आधी शोधा

आमच्या प्रकरणात खरी वसुली इथे झाली. अडत्यांनी गोदामभाडं थकवलं होतं. कलम 46 प्रमाणे दिवाळखोर आणि त्याचा सावकार यांच्यात दोन्ही बाजूंचे व्यवहार असतील तर सगळा हिशेब एकत्र मांडून फक्त बाकीचीच देवघेव होते. गोदाममालकांकडे अडत्यांची काही अनामत पडून होती आणि रिसीव्हर ती मागत होता. थकलेलं भाडं त्यातून वळतं केलं. रांगेत उभं राहून जे पैशांच्या हिशेबात मिळालं असतं, ते इथे पूर्ण रुपयाच्या भावाने सुटलं. कैफियत लिहिताना खातेवही मागवली होती, म्हणून हे जमलं.

10. वादी कंपनी असेल तर पुस्तक बदलतं

कंपनीबाबत 2016 चा कायदा आणि राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण. लिक्विडेशनचा हुकूम झाला की कलम 33(5) येतं. लिक्विडेटरला कंपनीच्या वतीने दावा लावायला न्यायाधिकरणाची आधी परवानगी लागते. इथे नवी भानगड म्हणजे लिक्विडेशन प्रक्रियेच्या विनियमांतला नियम 37-अ. नोव्हेंबर 2020 पासून लिक्विडेटर, सहज पैसे होणार नाहीत अशा मालमत्ता, त्यात वादातले हक्कही आले, दुसऱ्याला विकू शकतो. त्यामुळे लिक्विडेटर गप्प आहे म्हणजे दावा सोडलाच, असं धरू नये. एक दिवस ऑर्डर 22, रूल 10 खाली कोणी भलतीच कंपनी येऊन म्हणते, हा दावा आता आमचा. असा खरेदीदार फायद्यासाठी आलेला असतो, त्यामुळे त्याच्याकडून खर्चाची हमी मागताना संकोच करू नये.

11. खर्चापेक्षा दावा कायमचा संपणं महत्त्वाचं

रूल 8 खाली दावा निघाला की रूल 9 प्रमाणे त्याच कारणावरून नवा दावा लावता येत नाही. पुरेसं कारण दाखवून रिसीव्हरला तो परत उघडून घेता येतो, पण तो अर्ज मुदतीत करावा लागतो आणि कोर्ट खर्चाच्या अटी घालू शकतं. त्या दृष्टीने हुकमात रिसीव्हरला नोटीस लागली, त्याने लेखी नकार दिला, मुदत संपली, हे सगळं लिहून घ्यावं.

आणि जप्ती. दावा काढून टाकला की निकालाआधीची जप्तीही उठवावी, असं ऑर्डर 38, रूल 9 सांगते, पण कोर्टाने उठवलेली जप्ती सातबाऱ्यावरून आपोआप उठत नाही. इतर हक्कांच्या रकान्यात कोर्टाचा बोजा तसाच राहतो. म्हणून त्याच दिवशी, त्याच हुकमात, जप्ती उठल्याचं वाक्य आणि तलाठ्याला कळवण्याचा आदेश मागावा. गोदाममालकांचं बँकेतलं कॅश क्रेडिटचं नूतनीकरण या एका नोंदीपायी अडलं होतं. नक्कल मिळताच ते तलाठी कार्यालयात गेले. फेरफार मंजूर व्हायला वेळ लागेल, तोवर बँकेला कोर्टाचा हुकूम दाखवा, असं मी म्हटलं होतं. बँकेच्या मॅनेजरनी हुकूम वाचला, परत दिला आणि म्हणाले, कोरा सातबारा आणा, मग बघू.